बीज, क्षेत्र आणि नातीचा प्रबंध

घरांतील एखादा मुलगा वैद्य झाला, वकील झाला, किंवा एखादी मुलगी शिक्षिका झाली, तर तीं काय करतात हें आल्यागेल्यास सांगणें सोपें असतें. परंतु घरची मुलगी जननशास्त्राच्या उच्च अभ्यासास बसली आहे असें सांगितलें कीं ऐकणारा क्षणभर थबकतो. मग कोणी विचारतो, “म्हणजे नाक आजीवर गेलें कीं आत्यावर, तेंच ना?” दुसऱ्यास वाटतें, ही रक्त तपासण्याची नोकरी असावी. तिसरा शास्त्राविषयीं कांहींच विचारीत नाहीं. तो मुलीचें वय विचारतो. आमच्या पेणच्या घरीं गेलीं कांहीं वर्षें हे प्रश्न वारंवार येतात, आणि मी निवृत्त शिक्षक व रिकामा म्हणून उत्तर देण्याचें काम बहुधा माझ्याकडेच येतें. तें उत्तर एकदां सविस्तर लिहून ठेवावें, म्हणजे ज्यांच्या घरीं अशाच मुली व मुलें आहेत त्यांसहि त्याचा कांहीं उपयोग होईल, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधु दादा, वहिनी, त्यांचे मुलगे व सुना, मी व माझी पत्नी, आणि नातवंडें, अशीं सर्व एका चुलीवर जेवतों. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत लघुकौमुदी, थोडा न्याय व बरेंचसें काव्य शिकलों, आणि आयुष्यभर शाळेंत मुलांस संस्कृत व मराठी शिकविलें. जिच्याविषयीं लिहीत आहें ती दादांची नात. घरांत तिला सर्व ताई म्हणतात. ती मला अप्पाआजोबा म्हणते. दापोलीस १९७२ सालीं कोंकण कृषि विद्यापीठ स्थापन झालें. आतां त्यास डॉ. बाळासाहेब सावंत यांचें नांव दिलेलें आहे. तेथें तिनें शेतकीची पदवी घेतली आणि २०२२ सालीं जननशास्त्र व वनस्पति-पैदास ह्या विषयांत एम्. एस्सी. च्या वर्गांत नांव घातलें. मुलगी शेतकी शिकते ह्याचें कोणास नवल वाटलें नाहीं. ती पदवीनंतरहि शिकते, आणि तेंहि भात, ह्याचें मात्र पुष्कळांस वाटलें.

ह्या निवडीस एक घरगुती कारण होतें. पेण म्हटलें कीं बाहेरच्या माणसास गणपतीच्या मूर्ति, पोहे आणि पापड आठवतात. परंतु गांवाच्या पश्चिमेस धरमतरच्या खाडीपर्यंत जो सपाट पट्टा पसरला आहे, तो खारेपाट, हीच ह्या तालुक्याची खरी चिंता आहे. ही जमीन समुद्राकडून मागून घेतलेली आहे. खाडीच्या कांठानें मातीचे बांध घालावयाचे, उधाणाचें पाणी बाहेर ठेवावयाचें, पावसाच्या पाण्यानें जमिनींतील मीठ धुऊन काढावयाचें, आणि मग तींत भात लावावयाचें, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. बांध राखण्यासाठीं गांवची ‘जोळ’ असे. बांधावर माती टाकावयास घरटीं एक माणूस गेलाच पाहिजे, असा तिचा दंडक. आमच्या कुटुंबाकडे ह्या पट्ट्यांत दीड एकर जमीन उरली आहे. ती एक आगरी कुटुंब आमच्याबरोबर अर्धेलीनें कसतें.

२०१९ च्या पावसाळ्यांत उधाणानें बांध फुटला आणि खारें पाणी तीन दिवस शेतांत उभें राहिलें. त्या वर्षींचें भात गेलेंच. पण पुढील दोन वर्षेंहि रोपें लावलीं कीं पंधरा दिवसांत त्यांच्या पानांचीं टोकें पांढरीं पडत व तीं करपून जात. ताई तेव्हां पदवीच्या वर्गांत होती. एका सुटींत ती शेतावर गेली, मूठभर माती कागदाच्या पुडींत बांधून दापोलीस घेऊन गेली, आणि तिची परीक्षा करून तिनें आकडे दादांस कळविले. पुढें काय शिकावयाचें हें तिनें त्याच वेळीं मनाशीं ठरविलें असावें.

भाताचें रोप मिठाला फार भितें. जमिनींतील क्षार मोजण्याचें माप विजेच्या वहनावर बसविलेलें आहे. त्या मापानें समुद्राचें पाणी सुमारें ५० भरतें. भाताचें उत्पन्न ३ पासूनच घसरूं लागतें, आणि त्यापुढें दर एका अंशामागें सुमारें १२ टक्के पीक कमी होतें. तरीहि कांहीं जाति तग धरतात. आपल्या खारजमिनींतील काळा रता व भुरा रता, केरळच्या किनाऱ्यावरचें पोक्काळी, बंगालकडचें नोना बोक्रा, ह्या त्यांपैकीं होत. ह्यांच्यांत असें काय आहे कीं ज्यामुळें तीं जगतात? नोना बोक्रा ह्या जातींतील पहिल्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाचा छडा २००५ सालीं लागला. तें जनुक मुळांतील रसवाहिन्यांच्या लगत जणूं एक द्वारपाल उभा करतें. वर चढणाऱ्या रसांतून मिठाचा अंश तो मागें ओढून घेतो, म्हणून पानें वांचतात. पोक्काळींतहि त्याच गुणसूत्रावर असा एक तुकडा सांपडला असून शास्त्रज्ञांनीं त्यास ‘सॉल्टोल’ असें नांव दिलें आहे. तो तुकडा आपल्याकडच्या भरघोस पिकणाऱ्या भातांत आणावयाचा आणि काय होतें तें पाहावयाचें, हा ताईच्या अभ्यासाचा विषय.

सुटींत ती घरीं आली कीं तिचीं पुस्तकें मी चाळीत असें व ती मला समजावून देई. भाताच्या संपूर्ण जनुक-लेखाचें वाचन २००५ सालीं पुरें झालें. त्या कामांत दहा देश होते आणि भारत त्यांपैकीं एक होता. अकराव्या गुणसूत्राचा एक भाग आपल्या देशानें वाचला. भाताच्या बारा गुणसूत्रांच्या एका संचांत सुमारें ३८ कोटि ९० लक्ष अक्षरें आहेत, आणि वर्णमाला अवघी चार अक्षरांची. मीं पाटी घेतली. महाभारत १ लक्ष श्लोकांचें धरलें व श्लोकास ३२ अक्षरें धरलीं, तर ३२ लक्ष अक्षरें होतात. म्हणजे भाताच्या त्या एका संचांत सुमारें १२० महाभारतें मावतात! त्यांतील एक ओळ शोधून काढणें म्हणजे काय, ह्याची कल्पना त्या दिवशीं घरांतील लहान मुलांसहि आली.

उच्च अभ्यास म्हटला कीं जाड पुस्तकें डोळ्यांपुढें येतात. परंतु ह्या शास्त्राचा निम्मा भाग हातांचा आहे. भाताच्या एकेका फुलांत सहा पुंकेसर असतात. फूल उमलण्यापूर्वीं त्याच्या तुसाचें टोक कात्रीनें कापावें, चिमट्यानें ते सहाहि पुंकेसर काढून टाकावे, लोंबीवर कागदाची पिशवी बांधावी, आणि दुसऱ्या जातीचीं फुलें उमललीं कीं त्यांचा पराग तीवर झटकावा. शेंकडों फुलांपैकीं थोड्यांतच दाणा धरतो. मग त्या दाण्याचें रोप झालें कीं त्याच्या पानाचा तुकडा घेऊन त्यांतील डी. एन्. ए. काढावें, विवक्षित ठिकाणचा भाग यंत्रांत लक्षावधि पटींनीं वाढवावा, आणि विजेच्या ओढीनें जेलींतून सरकवून त्याचा पट्टा कोठें थांबतो तें पाहावें. पट्टा योग्य जागीं दिसला तर समजावें कीं परक्या जातीचा हवा तो तुकडा ह्या रोपांत उतरला.

पहिल्या संकरांत परक्या जातीचा अंश अर्धा असतो. तें रोप पुन्हां घरच्या जातीशीं संकरिलें कीं पाव, मग आठवा, मग सोळावा. हें ऐकून दादा सरसावून बसले. त्यांस कुलवृत्तांताचें फार वेड. आमच्या घराण्याच्या वृत्तांताची नवी आवृत्ति काढावी म्हणून त्यांनीं कांहीं रक्कमहि बाजूस ठेवलेली होती. ते म्हणाले, “मग आमच्या मूळ पुरुषाचा अंश माझ्यांत किती?” ताई म्हणाली, “आजोबा, दहा पिढ्या मागें गेलें आणि सगळे वेगवेगळे धरले, तर पूर्वज १,०२४ होतात. मूळ पुरुष त्यांपैकीं एक. उरलेल्या १,०२३ जणांत ५१२ आज्या आहेत, त्यांतल्या किती जणींचीं माहेरचीं नांवें तुमच्या पुस्तकांत आहेत?” माजघरांतून वहिनींचें हंसणें ऐकूं आलें. दादांनीं वृत्तांत उघडला, पुष्कळ पानें उलटलीं, आणि तो मिटून ठेवला.

मला स्वतःला ह्या शास्त्राची ओळख पटली ती मात्र माझ्या संस्कृताच्या वाटेनें. एका पोथीवरून दुसरी पोथी उतरून घेतांना एखादें अक्षर चुकतें. पुढें त्या पोथीवरून ज्या ज्या नकला होतात त्या सर्वांत ती चूक जाते. म्हणून दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक दिसली, तर त्यांचा पूर्वज एक असावा असें अनुमान करतां येतें. चूक होऊं नये म्हणून आपल्या वेदपाठकांनीं पद, क्रम, जटा, घन अशा पठणाच्या पद्धति बसविल्या. पेशींतहि जनुकांची नक्कल होतांना चूक शोधून सुधारणारी योजना असते. तरीहि कांहीं चुका निसटतात, आणि अशा निसटलेल्या चुकांतूनच कालांतरानें एक भात दुसऱ्या भाताहून निराळें होतें. ताई ज्याला उत्परिवर्तन म्हणते तो माझा पाठभेद होय.

ह्या पाठचिकित्सेचें आपल्या प्रांतांतील सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति. १९१९ सालीं तें काम सुरू झालें. १९२५ पासून १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते; आणि तें पुरें झालें १९६६ सालीं. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले होते, आणि संस्कृतांतील संशोधनाची पद्धति त्यांनीं बर्लिन येथें ल्यूडर्स ह्या पंडितांजवळ आत्मसात केली होती. काश्मीरपासून केरळापर्यंतच्या पोथ्या जमवून त्यांनीं त्यांचीं कुळें लावलीं, आणि जो पाठ परस्परांशीं संबंध नसलेल्या कुळांत सारखा आढळतो तो जुना, असें धोरण ठेवलें.

पेणकर म्हणून मला त्यांतील एक गोष्ट विशेष जाणवते. व्यास सांगतात आणि गणपति लिहून घेतो, ही कथा आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेली आहे. चिकित्सित आवृत्तीच्या मुख्य पाठांत ती नाहीं. पोथ्यांचा पुरावा तिच्या बाजूनें पुरेसा पडला नाहीं, म्हणून ती आदिपर्वाच्या परिशिष्टांत गेली. ज्या गांवांत बारा महिने गणपति घडतात त्या गांवीं हें सांगणें अवघड आहे. परंतु कथा गोड आहे कीं नाहीं, हा संपादकापुढील प्रश्नच नव्हता. पोथ्या काय म्हणतात हा होता. कथेची गोडी त्यामुळें कमी झाली नाहीं, आणि गोडीमुळें पाठहि बदलला नाहीं. आमच्या घरावर लौकरच असाच प्रसंग यावयाचा होता.

२०२३ च्या खरिपांत ताईचा मुख्य प्रयोग झाला. तिच्या आधींच्या विद्यार्थ्यांनीं तयार केलेल्या पिढ्यांपैकीं ज्यांत ‘सॉल्टोल’ तुकडा उतरला आहे अशीं आणि ज्यांत उतरलेला नाहीं अशीं, दोन्ही प्रकारचीं रोपें तिनें खाऱ्या पाण्यांत वाढविलीं. तुकडा नसलेलीं रोपें पिवळीं पडून मेलीं. असलेलीं बहुतेक जगलीं. तिनें घरीं छायाचित्र पाठविलें. एका बाजूस करपलेली रांग, दुसऱ्या बाजूस हिरवी. दादांस झालेला आनंद काय वर्णावा! त्यांनीं तें छायाचित्र अर्ध्या गांवास दाखविलें, आणि पुढच्या वर्षीं आपल्या खारेपाटांत “ताईचें भात” लागणार असें सांगूनहि टाकलें.

तीच रोपें पुढें तिनें क्षार घातलेल्या वाफ्यांत वाढविलीं. भात पोटरींत आलें, निसवलें, आणि कापणीच्या वेळीं असें दिसून आलें कीं लोंब्यांत दाणे भरलेलेच नाहींत, बहुतेक पोचट. तुकडा असलेल्या व नसलेल्या जातींत भरलेल्या दाण्यांच्या बाबतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. तिनें लोंबी-लोंबी घेऊन दाणे पुन्हां मोजले. उत्तर तेंच आलें. शास्त्रग्रंथांत ह्याचें कारण आहे. रोपाच्या कोंवळ्या अवस्थेंत मीठ सोसण्याची शक्ति एक, आणि फुलोऱ्याच्या वेळीं तें सोसण्याची शक्ति दुसरी. दोहोंचा संबंध फार थोडा, आणि दोहोंमागचीं जनुकें बरींचशीं निराळीं. ‘सॉल्टोल’ हा मुख्यतः पहिल्या अवस्थेचा रक्षक आहे. ग्रंथांत हें वाचणें निराळें, आणि स्वतःच्या हातांनीं दोन वर्षें वाढविलेल्या रोपांवर तें पाहणें निराळें.

दिवाळींत ती घरीं आली तेव्हां हें सर्व सांगितलें. दादा गप्प झाले. तिचे धाकटे काका मनानें फार चांगले, तिला वाईट वाटूं नये म्हणून ते म्हणाले, “अग, कडेचे दोन वाफे उंदरांनीं खाल्ले असें समज आणि सोडून दे. उरलेल्यांत तुझ्या भाताचें बरें दिसेल. प्रबंध कोण एवढा तपासून पाहतो?” ताई म्हणाली, “काका, उंदरांनीं खाल्ले असते तर मीं तसें लिहिलें असतें. त्यांनीं खाल्ले नाहींत.” एवढेंच बोलून ती आंत गेली, आणि त्या रात्रीं जेवली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आमची जमीन कसणाऱ्या कुटुंबांतील वृद्ध गृहस्थ फराळास आले होते. त्यांस तिनें सर्व समजावून सांगितलें. त्यांस मुळींच आश्चर्य वाटलें नाहीं. रोप जगणें निराळें आणि भात निसवणें निराळें. खाऱ्या शेतांत पोटरीच्या वेळीं वरून गोड्या पावसाची सर मिळाली तरच दाणा भरतो, हें आपण वडिलांपासून ऐकत आलों आहों, असें ते म्हणाले. ताईनें वही आणून तें जसेंच्या तसें लिहून घेतलें. त्या वेळीं तिच्या चेहऱ्यावर, आल्यापासून प्रथमच, थोडा उजाळा दिसला.

ह्याच दिवसांत मीं घरांत सर्वांस इरावती कर्वे यांची हकीकत सांगितली. ती महाराष्ट्रांत ठाऊक असली तरी तिचा हा भाग फारसा सांगितला जात नाहीं. इरावतीबाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशांतला, शिक्षण पुण्यास. १९२८ सालीं मुंबई विद्यापीठाची एम्. ए. झाल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्या बर्लिनला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठीं आयुष्य वेंचणारे महर्षि अण्णासाहेब कर्वे त्यांचे सासरे. तरीहि सुनेनें एवढ्या दूर शिकावयास जावें हें अण्णासाहेबांस पसंत नव्हतें. यजमान दिनकरराव पाठीशीं उभे राहिले, डॉ. जीवराज मेहता यांनीं कर्जाऊ पैसे दिले, आणि बाई गेल्या. स्त्रीशिक्षणाच्या माहेरघरींहि एकेका पायरीसाठीं नव्यानें विचार करावा लागला, ही गोष्ट आपणां सर्वांच्या ध्यानांत राहण्यासारखी आहे.

बर्लिनला त्या मानवी आनुवंशाच्या एका प्रसिद्ध संस्थेंत ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं शिकल्या. गुरूंनीं विषय दिला मनुष्याच्या कवटींतील डाव्या-उजव्या बाजूंच्या विषमतेचा. अपेक्षा अशी कीं युरोपीय कवट्यांत ही विषमता विशेष प्रकारची आढळावी व त्यावरून युरोपीयांच्या श्रेष्ठ बुद्धीस एक शारीरिक आधार मिळावा. इरावतीबाईंनीं निरनिराळ्या लोकांच्या कवट्या घेऊन मापें घेतलीं. विषमता सर्वत्र होती. पण ती वंशानुसार वांटलेली नव्हती. परक्या देशांत, उसन्या पैशांवर, पदवी ज्यांच्या हातीं त्यांच्याच अपेक्षेविरुद्ध, तेवीस-चोवीस वर्षांच्या त्या मुलीनें मापें जें सांगत होतीं तेंच लिहिलें. दोन वर्षांनीं पदवी घेऊन त्या परत आल्या. पुढें १९३३ नंतर त्याच संस्थेनें नाझी राजवटीच्या वंशधोरणास शास्त्राचा मुलामा दिला, आणि त्याचे परिणाम सर्व जगानें पाहिले. मापाप्रमाणें मत न ठेवतां मताप्रमाणें माप ठेवलें म्हणजे काय होतें, ह्याचा ह्याहून मोठा दाखला मिळणार नाहीं.

तीच शिस्त त्यांनीं घरींहि लावली. महाराष्ट्रांतील आठ ब्राह्मण गटांची मापें व रक्तगट घेऊन कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनीं १९६८ सालीं निबंध प्रसिद्ध केला. हे गट एकाच मूळ समाजाच्या फांद्या असावेत असें आपण धरून चालतों. परंतु त्यांच्यांतील परस्पर अंतरें त्या समजुतीस पाठिंबा देणारीं निघालीं नाहींत. आणि त्याच बाईंनीं भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीच्या आधारें ‘युगान्त’ लिहिलें, हें कवटी मोजणाऱ्या आणि पोथी तपासणाऱ्या विद्या एकाच घराण्यांतल्या असल्याचें लक्षण मी समजतों.

ही हकीकत ऐकून धाकटे काका म्हणाले, “म्हणजे मोठ्या पदवीचा अर्थ एवढाच कीं खरें लिहावें? तें तर पहिलींत शिकवतात.” पहिलींत शिकवितात हें खरेंच. पण पहिलींत खरें सांगावयास कांहीं किंमत पडत नाहीं. उच्च अभ्यासांत मनुष्य दोन वर्षें देतो, घरच्यांच्या आशा त्यावर टांगलेल्या असतात, शेत ओसाड पडलेलें असतें. आणि मग दाणे मोजावयाचे असतात. मेंडेलनें वाटाण्यांवरील आपले प्रयोग १८६६ सालीं छापले, तेव्हां आनुवंशाविषयीं मतें पुष्कळांचीं होतीं. त्यानें नवें केलें तें हें कीं पिढ्यान्‌पिढ्या वाटाणे मोजून आंकडे लिहून ठेवले. चौतीस वर्षें त्याकडे कोणी पाहिलें नाहीं. १९०० सालीं तिघां संशोधकांस तेच नियम पुन्हां आढळले, तेव्हां त्याच्या आंकड्यांनींच त्याची साक्ष दिली. मतें लिहिलीं असतीं तर त्यांस कोणी विचारलें नसतें.

प्रबंध २०२४ च्या उन्हाळ्यांत पुरा झाला. कोंवळ्या अवस्थेंत यश, दाणा भरण्याच्या अवस्थेंत नाहीं, असें त्यांत स्वच्छ लिहिलें आहे. मार्गदर्शकांनींहि तसेंच लिहावयास सांगितलें. मध्यंतरीं एक चांगलें स्थळ सांगून आलें होतें. मुलगी पसंत होती. शिक्षण मात्र येथेंच थांबवावें, असें त्यांचें म्हणणें. वहिनींस तें स्थळ सोडवत नव्हतें, आणि त्यांची काळजी खोटी नव्हती. दादांनीं चार दिवस विचार केला आणि उत्तर पाठविलें कीं मुलीचें काम अर्धें झालें आहे. अर्ध्यावर थांबणें तिला मान्य नाहीं व आम्हांसहि नाहीं. २०२५ सालीं तिनें पीएच्. डी. साठीं नांव नोंदविलें. विषय, भात निसवण्याच्या वेळीं मीठ सोसण्याची शक्ति. त्या वृद्ध शेतकऱ्यांचे शब्द लिहिलेली वही ती बरोबर घेऊन गेली आहे.

आपल्या शास्त्रकारांनींहि बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ, हा प्रश्न चर्चिला आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत त्याचा ऊहापोह आहे. ताईचें शास्त्र म्हणतें कीं जें दिसतें तें दोहोंच्या मिळणीचें फळ असतें, आणि कोणाचा वांटा किती हें प्रत्येक वेळीं मोजूनच सांगावें लागतें. आमच्या शेताचें तरी तेंच आहे. बियाणें कितीहि उत्तम निघालें, तरी फुटलेल्या बांधामागें तें पिकणार नाहीं. आणि घरांतील मुलीची बुद्धि हें बीज धरलें, तर घर हें तिचें क्षेत्र आहे. तिला पैसा लागतो, तो घरानें द्यावा. तिला वेळ लागतो; “कधीं संपणार?” हा प्रश्न आठवड्यास एकदांच विचारावा, शक्य तर तितकाहि नाहीं. आणि तिचें उत्तर आपल्या मनासारखें आलें नाहीं तर तें ऐकून घेण्याची तयारी असावी. ही तिसरी गोष्ट सर्वांत महाग आहे.

कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठीं ठेवलेली रक्कम दादांनीं मोडली. अर्धी ताईच्या शिक्षणास दिली आणि अर्धी बांधाच्या दुरुस्तीस. जुनी जोळ कित्येक वर्षें मोडल्यासारखी झाली होती. ह्या खेपेस गांवानें ती पुन्हां उभी केली. वैशाखांत बांधावर माती टाकावयास आमच्या घरचीं दोन माणसें गेलीं. एक घरटीं माणसाच्या जुन्या दंडकाप्रमाणें. दुसरें ताईच्या वाट्याचें म्हणून तिचे धाकटे काका.